वर्कग्रुप, डोमेन की क्लाउड? छोट्या कंपनीने ठरवण्याआधी

अकाउंट्सच्या मशीनवर कुणीतरी पासवर्ड बदलतं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तिघांच्या स्क्रीनवर शेअर्ड फोल्डर उघडेनासं होतं. वर्कग्रुपमधली ही नेहमीची तक्रार. तिच्यामागचं कारण नीट समजलं की निम्मा निर्णय तिथेच होतो.

वर्कग्रुपमध्ये प्रत्येक विंडोज मशीन वापरकर्त्यांची आपापली यादी सांभाळतं. ती यादी त्या मशीनच्याच पोटात, सॅम नावाच्या डेटाबेसमध्ये असते. सगळ्या मशीनना वर्कग्रुपचं एकच नाव दिलं तरी त्यातून कुणाला कसलाही हक्क मिळत नाही. नेटवर्कच्या यादीत मशिनं एकत्र दिसावीत एवढाच त्या नावाचा उपयोग. दहा जणांना तीन मशीनवरचे शेअर, म्हणजे सामायिक फोल्डर, वापरायचे असतील तर तिन्ही मशीनवर दहा-दहा खाती, म्हणजे तीस नोंदी, शिवाय प्रत्येकाचं स्वतःच्या मशीनवरचं खातं वेगळंच. हा खटाटोप टाळायला मग सगळ्यांना मिळून एकच नाव आणि एकच पासवर्ड दिला जातो. तो बदलायची पुढे कुणाची हिंमत होत नाही, आणि माणूस नोकरी सोडून गेला तरी पासवर्ड तोच राहतो.

डोमेनमध्ये यादी एकच, तीही डोमेन कंट्रोलर म्हणवल्या जाणाऱ्या सर्व्हरवर. (वेबसाइटसाठी विकत घेतो ते डोमेन निराळं, नावाचा हा घोळ पुढे एकदा त्रास देतो, त्याबद्दल खाली.) सकाळी एकदा लॉगिन केलं की त्या माणसाला कर्बेरॉसचं (ओळख पटवण्याच्या पद्धतीचं हे नाव) तिकीट मिळतं, आणि दिवसभर फाइल सर्व्हर, प्रिंटर, अंतर्गत सॉफ्टवेअर हे सगळं त्या तिकिटाच्या जोरावर उघडतं. पासवर्ड एका ठिकाणी बदलायचा, खातं एका ठिकाणी बंद करायचं.

तिसरी वाट आता तितकीच रुळलेली आहे: मशीन थेट मायक्रोसॉफ्टच्या क्लाउड यादीला, म्हणजे एन्ट्रा आयडीला जोडायचं. २०२३ पर्यंत हिचंच नाव अझूर एडी होतं. यात ऑफिसात सर्व्हर लागत नाही.

मशिनांची संख्या हा निकष फसवा आहे

दहाच्या वर मशिनं गेली की डोमेन करावं, असा एक ठोकताळा सर्रास ऐकू येतो. तो फारसा कामाचा नाही. प्रत्येकाची खुर्ची ठरलेली, प्रत्येकाचं मशीन स्वतःचं, आणि सामायिक काम एका फोल्डरपुरतं असेल तर पंधरा मशिनंसुद्धा वर्कग्रुपमध्ये सुखाने चालतात. उलट सहाच मशिनं, पण दोन पाळ्यांत बारा माणसं कुठल्याही खुर्चीवर बसतात, पगाराची फाइल चौघांनीच बघायची आहे आणि दर दोन महिन्यांनी कुणीतरी नवीन येतं, अशा ठिकाणी सहा मशिनांनाही डोमेन शोभतं. मोजायचंच असेल तर हे मोजा: एक माणूस आला किंवा गेला की किती ठिकाणी हात लावावा लागतो? उत्तर एक-दोन असेल तर घाई नाही. पाच-सहा असेल, आणि त्यातलं एखादं ठिकाण हमखास विसरलं जात असेल, तर वर्कग्रुप अपुरा पडायला लागला आहे.

दुसरा प्रश्न याहून महत्त्वाचा, पण तो सहसा विचारलाच जात नाही. सर्व्हर बसवल्यानंतर त्याच्याकडे दर आठवड्याला बघणार कोण? बॅकअप झाला का, अपडेट लागले का, डिस्क भरली का, हे पाहणारं माणूस नसेल तर एकटा, बेवारस डोमेन कंट्रोलर वर्कग्रुपपेक्षा जास्त धोक्याचा. वर्कग्रुपमध्ये एक मशीन पडलं तर एकाचं काम थांबतं. एकुलता डोमेन कंट्रोलर पडला तर सगळ्या ऑफिसचं थांबतं.

वर्कग्रुपमध्येच राहायचं असेल तर

विंडोज १० आणि ११ च्या क्लायंट आवृत्त्यांवर शेअरला एका वेळी जास्तीत जास्त वीस जोडण्या चालतात. ही लायसन्सची मर्यादा आहे, हार्डवेअरची नाही. रॅम वाढवून ती हटत नाही. म्हणून कुणाच्या तरी डेस्कटॉपवर कंपनीचा डेटा ठेवायची पद्धत एका टप्प्यावर मोडतेच. त्या माणसाने संध्याकाळी मशीन बंद केलं की काय होतं, हे वेगळं सांगायला नको.

अलीकडे यात आणखी एक भर पडली. विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीपासून एसएमबी साइनिंग (फाइल शेअरिंगच्या प्रत्येक संदेशावर पडताळणीची सही) सक्तीचं झालं, आणि प्रो आवृत्तीत गेस्ट म्हणून शेअरवर शिरण्याची सोयही बंद झाली. 'पासवर्ड नको, सगळ्यांना उघडं ठेवा' अशा पद्धतीने चालणारी जुनी नॅस पेटी (नेटवर्कवर फाइली साठवणारं उपकरण) कालपर्यंत दिसत होती, आज अपडेटनंतर दिसत नाही, असं झालं तर कारण बहुधा हेच. उपाय म्हणून क्लायंटवरची सुरक्षा ढिली करण्याचे सल्ले भरपूर सापडतात. ते करू नका. नॅसवर प्रत्येकाचं खातं उघडा, नॅसचं फर्मवेअर अद्ययावत करा, साइनिंग चालू करा.

खरं तर डोमेन हवं म्हणणाऱ्या पुष्कळ कंपन्यांना हवी असते ती एवढीच गोष्ट: फाइल एका जागी आणि कुणी काय उघडावं यावर ताबा. दोन डिस्कची मिरर केलेली (दोन्हींवर तोच डेटा) नॅस, त्यावर माणसागणिक खाती, विभागागणिक ग्रुप, आणि तिचा बाहेरच्या जागी रोजचा बॅकअप. फाइलपुरती यादी एक झाली. मशीनच्या लॉगिनची यादी वेगळी राहते, पण ठरलेल्या खुर्च्या असतील तर ते खपून जातं.

डोमेन: काय मिळतं आणि काय गळ्यात पडतं

मिळतं त्यात सगळ्यात मोलाची चीज म्हणजे ग्रुप पॉलिसी. स्क्रीन दहा मिनिटांनी लॉक होणं, एक्स ड्राइव्ह आपोआप जोडलं जाणं, यूएसबी डिस्क बंद ठेवणं, अपडेटचं वेळापत्रक, हे सगळं एकदा लिहायचं. मशिनं साधारण नव्वद मिनिटांनी, वर शून्य ते तीस मिनिटांचा फरक ठेवून, नवीन पॉलिसी उचलतात. दुसरी चीज विंडोज लॅप्स: प्रत्येक मशीनच्या स्थानिक अ‍ॅडमिनचा पासवर्ड वेगळा ठेवणारी आणि ठरावीक मुदतीने बदलणारी सोय. एप्रिल २०२३ च्या अपडेटपासून ती विंडोजमध्येच आहे, वेगळं काही बसवावं लागत नाही. सगळ्या मशीनवर अ‍ॅडमिनचा एकच पासवर्ड ही वर्कग्रुपमधली जुनी खोड. एक मशीन फुटलं की सगळी फुटतात. लॅप्समुळे ती मोडते.

गळ्यात पडतं ते लायसन्सपासून सुरू होतं. विंडोज सर्व्हर स्टँडर्डचं लायसन्स कोअरवर मोजलं जातं आणि एका सर्व्हरला किमान सोळा कोअरचं घ्यावंच लागतं. त्यात दोन व्हर्च्युअल मशिनांचा, म्हणजे त्याच पेटीत सॉफ्टवेअरने चालणाऱ्या आभासी मशिनांचा, हक्क मिळतो. शिवाय सर्व्हर वापरणाऱ्या प्रत्येकासाठी कॅल, म्हणजे वापराचं वेगळं लायसन्स, लागतं, माणसागणिक किंवा उपकरणागणिक. पाळ्यांत काम चालत असेल तर उपकरणाचं कॅल स्वस्तात पडतं. एकाच माणसाकडे डेस्कटॉप आणि लॅपटॉप दोन्ही असतील तर माणसाचं. कोटेशनमध्ये कॅलची ओळ नसेल तर ते कोटेशन अपुरं आहे. विंडोज सर्व्हरची एसेन्शियल्स आवृत्ती पंचवीस वापरकर्ते आणि पन्नास उपकरणांपर्यंत कॅलशिवाय चालते, ती सर्व्हर बनवणाऱ्याकडून मशीनबरोबर येते. कंपनी वीस-बावीसवर असेल आणि वाढायची चिन्हं असतील तर मात्र ती घेऊन वर्षभरात पस्तावायची पाळी येते.

क्लायंटच्या बाजूला विंडोज होम चालत नाही. होम आवृत्तीला डोमेनला जोडण्याची सोयच नाही. प्रो, एंटरप्राइज किंवा एज्युकेशन हवी. कामाला हात घालण्याआधी प्रत्येक मशीनची आवृत्ती कागदावर उतरवा. दुकानातून घाईने आणलेल्या लॅपटॉपमध्ये हमखास होम निघतं.

लायसन्सचा खर्च टाळायचा असेल तर लिनक्सवरचा सांबा (एक मोफत सॉफ्टवेअर) आहे. डिसेंबर २०१२ मध्ये आलेल्या ४.० आवृत्तीपासून तो अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरीचा, म्हणजे विंडोजच्या डोमेन व्यवस्थेचा, डोमेन कंट्रोलर होऊ शकतो. काही नॅस पेट्यांमधली डिरेक्टरीची सोयही सांबावरच उभी आहे. लॉगिन, ग्रुप, ग्रुप पॉलिसी हे सगळं चालतं, आणि विंडोजच्या मशीनवरून नेहमीच्याच साधनांनी सांभाळता येतं. अडचण दोन कंट्रोलर केले की येते: पॉलिसीच्या फाइली ज्या सिसव्हॉल फोल्डरमध्ये असतात, त्याची दोन कंट्रोलरमधली नक्कल सांबा स्वतः करत नाही, ती आरसिंकसारख्या साधनाने आपली आपण लावावी लागते. लिनक्स कळणारं माणूस घरचं असेल तर उत्तम. नसेल तर वाचलेले पैसे पहिल्या बिघाडातच जातात.

एन्ट्रा आयडी कुणाला मानवतं

लॅपटॉप जास्त, माणसं बाहेर फिरणारी, मेल आणि फाइल आधीच मायक्रोसॉफ्ट ३६५ वर, आणि ऑफिसात असं एकही जुनं सॉफ्टवेअर नाही ज्याला विंडोजचं स्थानिक लॉगिन हवं: अशा कंपनीने २०२०च्या दशकात सर्व्हर विकत घेण्यात अर्थ नाही. लॅपटॉप पहिल्यांदा जोडताना इंटरनेट लागतं, नंतर ते नसलं तरी लॉगिन होतं.

पण याला 'क्लाउडमधलं डोमेन' समजून घेतलं तर फसगत होते. जुनी ग्रुप पॉलिसी यात नाही. तिची जागा इंट्यून ही मशिनं सांभाळणारी मायक्रोसॉफ्टची सेवा घेते आणि तिला वेगळं लायसन्स लागतं. बिझनेस प्रीमियम योजनेत ते येतं आणि ती योजना तीनशे वापरकर्त्यांपर्यंत मिळते. ऑफिसातली साधी नॅस एन्ट्राचं खातं ओळखत नाही, म्हणजे फाइलींसाठी पुन्हा वेगळं नाव-पासवर्ड आलंच. आणखी एक बारकावा: जो माणूस मशीन एन्ट्राला जोडतो तो एरवी त्या मशीनचा अ‍ॅडमिन होऊन बसतो. प्रत्येकाला 'तुझा लॅपटॉप तूच जोड' म्हणण्याआधी ही सेटिंग बघा.

| | वर्कग्रुप आणि नॅस | स्वतःचं डोमेन | एन्ट्रा आयडी |
|---|---|---|---|
| ऑफिसात लागणारं सामान | नॅस, यूपीएस | सर्व्हर, शक्यतो दोन कंट्रोलर, यूपीएस, बॅकअप डिस्क | काही नाही |
| पैसे | एकदाच, थोडे | एकदाच बरेच, पुन्हा पाच-सहा वर्षांनी | दरमहा, माणसागणिक |
| विंडोज होम | चालतं | चालत नाही | जोडता येत नाही, फक्त नोंदवता येतं |
| जुनं स्थानिक सॉफ्टवेअर | चालतं | सगळ्यात चांगलं चालतं | तपासून घ्यावं लागतं |
| इंटरनेट गेलं तर | काम चालू | काम चालू | मशीन उघडतं, क्लाउडमधलं काम थांबतं |
| माणूस सोडून गेला तर | प्रत्येक ठिकाणी फिरा | एक खातं बंद | एक खातं बंद, बाहेरचा लॅपटॉपही हाताशी |
| सांभाळायला | जमेल तसं | नियमित बघणारं माणूस हवंच | सेटिंग कळणारं माणूस, पण रोज नाही |

डोमेन ठरलं, तर गाडी अडते ती डीएनएसपाशी

मशीन डोमेनला जोडताना 'डोमेन कंट्रोलरशी संपर्क होऊ शकला नाही' असा संदेश आला की लोक फायरवॉल, केबल, अँटिव्हायरस सगळं तपासतात. बहुतेक वेळा दोष एकच असतो: मशीन राउटरला डीएनएस (नावावरून आयपी पत्ता सांगणारी सेवा) म्हणून विचारतं आहे, आणि राउटरला तुमच्या अंतर्गत डोमेनचं नावही माहीत नाही. डोमेन कंट्रोलर कुठे आहे हे मशीनला डीएनएसमधल्या एसआरव्ही नोंदींवरून (कुठली सेवा कुठल्या मशीनवर, हे सांगणाऱ्या) कळतं, आणि त्या नोंदी फक्त कंट्रोलरच्या स्वतःच्या डीएनएसमध्ये असतात.

म्हणून क्रम असा. कंट्रोलरला कायमचा आयपी द्या. डीएचसीपी (मशिनांना आपोआप आयपी वाटणं) राउटरवरच ठेवायचं असेल तर त्यात डीएनएसच्या जागी कंट्रोलरचा आयपी भरा. विंडोज सर्व्हरवर आणायचं असेल तर राउटरचं बंद करा, दोन्ही एकदम चालू ठेवू नका. बाहेरची नावं शोधायला कंट्रोलरच्या डीएनएसमध्ये फॉरवर्डर, म्हणजे पुढे विचारायचा डीएनएस सर्व्हर, टाका. आणि दुसऱ्या डीएनएसच्या रकान्यात 'असू द्या जोडीला' म्हणून गूगलचा किंवा आणखी कुणाचा सार्वजनिक पत्ता भरू नका. हा मोह जवळजवळ सगळ्यांना होतो. पहिला सर्व्हर उत्तर द्यायला जरा रेंगाळला की विंडोज दुसऱ्याकडे वळतं. तो सांगतो, असं नावच अस्तित्वात नाही. आणि हे ठाम उत्तर असल्यामुळे मशीन पुन्हा पहिल्याला विचारत नाही. सकाळी चालणारं ड्राइव्ह दुपारी गायब आणि रीस्टार्टनंतर परत हजर, हा त्याचाच खेळ. दुसरा रकाना भरायचाच तर दुसऱ्या डोमेन कंट्रोलरने.

आयपीव्ही६ (आयपी पत्त्यांची नवी पद्धत) विसरू नका. काही राउटर आयपीव्ही६ वरून स्वतःलाच डीएनएस म्हणून जाहीर करतात आणि विंडोज तिकडे आधी जातं. आयपीव्ही४ ची सेटिंग अगदी बरोबर असूनही डोमेन सापडत नसेल तर आयपीकॉन्फिग ऑल ही कमांड चालवून डीएनएसच्या यादीत सगळ्यात वर कोण आहे ते पाहा. जोडणीआधी प्रत्येक मशीनवर एनएसलुकअप या कमांडने पूर्ण डोमेन नाव विचारा. कंट्रोलरचा आयपी आला तरच पुढे जा.

नावाचा घोळ म्हटलं तो हा. अंतर्गत डोमेनला वेबसाइटचंच नाव दिलं तर ऑफिसातून स्वतःची वेबसाइट उघडत नाही, कारण ते नाव आता कंट्रोलरकडे बोट दाखवतं. शेवटी डॉट लोकल लावायची जुनी पद्धतही सोडा. अ‍ॅपलची उपकरणं आणि कित्येक प्रिंटर ते नाव स्वतःच्या शोधासाठी वापरतात, आणि अशा अंतर्गत नावांना सार्वजनिक सर्टिफिकेटही मिळत नाही. स्वतःच्या मालकीच्या नावाला पुढे एक शब्द जोडा: वेबसाइट कंपनी डॉट कॉम असेल तर आत एडी डॉट कंपनी डॉट कॉम. पुढे नाव बदलणं शक्य असलं तरी इतकं किचकट आहे की ते बदलता येत नाही असंच धरून चाला. मशिनांची नावं पंधरा अक्षरांच्या आत, आणि माणसाच्या नावावर नकोत. माणसं बदलतात.

कोरा डेस्कटॉप

तांत्रिक जोडणी पाच मिनिटांची. खरा वेळ खातो तो वापरकर्त्याचा प्रोफाइल, म्हणजे त्याच्या फाइली आणि सेटिंग.

समजा एका मशीनवर 'सीमा' नावाचं स्थानिक खातं आहे. मशीन डोमेनला जोडलं, रीस्टार्ट झालं, सीमाने त्याच नावाच्या डोमेन खात्याने लॉगिन केलं. समोर कोरा डेस्कटॉप. फाइली गेल्या, मेल गेली, ब्राउझरमधले पासवर्ड गेले, असा गलका होतो. गेलेलं काहीच नसतं. विंडोज नाव बघत नाही, खात्याचा एसआयडी (अंतर्गत ओळख क्रमांक) बघतं, आणि स्थानिक सीमा आणि डोमेनमधली सीमा ही त्याच्या दृष्टीने दोन माणसं. यूजर्स फोल्डरमध्ये 'सीमा' जागच्या जागी आहे, शेजारी 'सीमा डॉट कंपनी' असं नवं फोल्डर तयार झालं आहे.

यावर तीन उपाय. प्रोफाइल तसाच्या तसा नव्या खात्याच्या नावावर करणारं साधन वापरायचं. फॉरेन्सिट कंपनीचं यूजर प्रोफाइल विझार्ड यासाठी प्रसिद्ध आहे. डेस्कटॉपचा वॉलपेपरसुद्धा जागेवर राहतो, फक्त परतीची वाट जरा अवघड होते. दुसरा, मायक्रोसॉफ्टचं यूएसएमटी हे प्रोफाइल हलवायचं साधन: स्कॅनस्टेटने गोळा करायचं, लोडस्टेटने ओतायचं. दहा-बारा मशिनांसाठी हे शिकण्यात जातो तेवढा वेळ वाचत नाही. तिसरा, हाताने कॉपी. मशिनं कमी आणि प्रोफाइल जुनाट, कचऱ्याने भरलेले असतील तर हाच बरा. नवीन घरात जाताना अडगळ मागे टाकावी तसं.

हाताने करताना डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स, पिक्चर्स एवढंच न्या. अख्खं अ‍ॅपडेटा नेऊ नका आणि एनटीयूजर डॅट या फाइलला हात लावू नका. आउटलुकच्या पीएसटी फाइली आणि सह्यांचं फोल्डर न्या; ओएसटी नेऊ नका, ती सर्व्हरवरून नव्याने बनते. आणि फाइल कॉपी करा, कट-पेस्ट करू नका. त्याच ड्राइव्हवर हलवलेली फाइल जुन्या परवानग्या बरोबर घेऊन येते आणि नव्या खात्याला ती उघडत नाही.

ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड कॉपीने येत नाहीत. ते जुन्या खात्याशी बांधलेल्या किल्लीने, विंडोजच्या डीपीएपीआय व्यवस्थेने कुलूपबंद असतात. फाइल आली तरी उलगडत नाही. जोडणीच्या आदल्या दिवशी जुन्या खात्यातूनच ते एक्सपोर्ट करा, नव्यात घ्या, आणि ती सीएसव्ही फाइल तिथल्या तिथे पुसा, कारण तिच्यात सगळं उघडं लिहिलेलं असतं. ईएफएसने (विंडोजच्याच फाइल-कुलपाने) एन्क्रिप्ट केलेली फोल्डरं असतील तर ती आधी सोडवा किंवा सर्टिफिकेट बाहेर काढून ठेवा. ही एक चूक अशी आहे की जुनं खातं पुसल्यावर ती निस्तरता येत नाही. म्हणून जुनी स्थानिक खाती निदान महिनाभर पुसू नका.

ज्याने दुसऱ्या दिवशी फोन येतात

फायरवॉल. वर्कग्रुपमध्ये नेटवर्क 'प्रायव्हेट' असतं, डोमेनला जोडलं की ते 'डोमेन' होतं. अकाउंटिंग सॉफ्टवेअरचा पोर्ट फक्त प्रायव्हेटसाठी उघडलेला असेल तर जोडणीनंतर तो बंद पडतो. सॉफ्टवेअर तेच, आयपी तोच, तरी चालत नाही. नियमात डोमेनची खूण करा, संपलं.

अ‍ॅडमिनचे हक्क. वर्कग्रुपमध्ये बहुतेक सगळेच आपापल्या मशीनचे अ‍ॅडमिन असतात. डोमेनची खाती आपोआप साध्या वापरकर्त्यांत जातात, आणि प्रोग्राम फाइल्समध्ये स्वतःचा डेटा लिहिणारं जुनं सॉफ्टवेअर रुसतं. पुन्हा सगळ्यांना अ‍ॅडमिन करून टाकणं हा उपाय नव्हे. त्या एका फोल्डरला लिहिण्याची परवानगी द्या. त्याहून शहाणपणाचं म्हणजे डोमेनच्या आधीच दोन आठवडे वर्कग्रुपमध्ये लोकांना साध्या खात्यावर आणा. दोन बदल एकदम केले की कशाने काय मोडलं ते कळत नाही.

प्रिंटर. ऑगस्ट २०२१ च्या अपडेटपासून साध्या वापरकर्त्याला प्रिंट सर्व्हरवरून ड्रायव्हर घेता येत नाही. ड्रायव्हर आधीच अ‍ॅडमिन खात्याने बसवून ठेवा.

घड्याळ. कर्बेरॉसला पाच मिनिटांपेक्षा जास्त फरक खपत नाही. मदरबोर्डची बॅटरी संपलेलं जुनं मशीन रोज सकाळी भलतीच तारीख घेऊन उठतं आणि लॉगिन नाकारलं जातं. बॅटरी बदला. कंट्रोलर व्हर्च्युअल असेल तर तो वेळ होस्टकडून (ज्या मशीनवर तो चालतो त्याच्याकडून) घेतो की बाहेरच्या वेळेच्या सर्व्हरकडून, हे पक्कं ठरवा. होस्ट डोमेनमधला आणि कंट्रोलर होस्टवरचा, असे दोघे एकमेकांना विचारत बसले तर वेळ हळूहळू सरकत जाते.

'ट्रस्ट रिलेशनशिप तुटलं' हा संदेश. प्रत्येक मशीनचाही डोमेनमध्ये स्वतःचा पासवर्ड असतो आणि तो तीस दिवसांनी आपोआप बदलतो. जुनी इमेज परत टाकली किंवा एकाच नावाची दोन मशिनं जोडली की तो जुळत नाही. मशीन डोमेनमधून काढून पुन्हा घालायची गरज नसते. स्थानिक अ‍ॅडमिनने शिरून पॉवरशेलमधून सिक्युअर चॅनल (मशीन आणि डोमेनमधला विश्वासाचा दुवा) दुरुस्त करता येतो. पण त्यासाठी स्थानिक अ‍ॅडमिनचा पासवर्ड माहीत हवा. जोडणीआधी प्रत्येक मशीनवर असं एक चालू खातं आहे आणि त्याने खरोखर लॉगिन होतं, हे बघितल्याशिवाय जोडणीचं बटण दाबू नका.

कंट्रोलर कसा ठेवावा

त्याच सर्व्हरवर अकाउंटिंग, फाइली, डेटाबेस सगळं कोंबायची इच्छा होते, कारण मशीन रिकामंच दिसतं. अडचण अशी की डोमेन कंट्रोलरवर वेगळे स्थानिक अ‍ॅडमिन नसतात. सॉफ्टवेअर बसवायला येणाऱ्याला अ‍ॅडमिनचे हक्क दिलेत म्हणजे अख्ख्या डोमेनच्या किल्ल्या दिल्यात. स्टँडर्डच्या लायसन्समध्ये दोन व्हर्च्युअल मशिनं मिळतातच: एकात फक्त कंट्रोलर, दुसऱ्यात बाकी सगळं. कंट्रोलरची भूक थोडी असते. दुसरा कंट्रोलर वेगळ्या हार्डवेअरवर असेल तरच त्याचा उपयोग. एकाच पेटीत दोन्ही ठेवले तर पेटीबरोबर दोन्ही जातात.

एकच कंट्रोलर असेल आणि तो पडला तर लोकांना आपल्या मशीनवर शिरता येतं, कारण विंडोज अलीकडची दहा लॉगिनं लक्षात ठेवतं. पण डीएनएसही त्याच्याचकडे असल्याने पहिला फोन येतो तो 'इंटरनेट बंद आहे' असा.

बॅकअप सिस्टिम स्टेटसह (डिरेक्टरी धरून) घ्या. डिरेक्टरीत पुसलेल्या नोंदींच्या खुणा सामान्यतः १८० दिवस राहतात, त्यामुळे त्याहून जुना बॅकअप परत टाकण्याच्या लायकीचा राहत नाही. डीएसआरएमचा (डिरेक्टरी दुरुस्तीच्या मोडचा) पासवर्ड, जो कंट्रोलर बनवताना एकदाच विचारला जातो आणि लगेच विसरला जातो, तो कागदावर लिहून बंद पाकिटात ठेवा. बॅकअप परत टाकायची वेळ येते तेव्हा नेमका तोच लागतो.

पासवर्डचं धोरण न बदलता सोडलं तर सात अक्षरं आणि ४२ दिवसांची मुदत मिळते. बेचाळीस दिवसांनी पासवर्ड बदलायला लावलं की लोक शेवटचा आकडा वाढवत जातात. अक्षरं वाढवा, मुदत लांबवा. चुकीच्या प्रयत्नांनंतर खातं लॉक करण्याची सोय मुळात बंद असते. ती तीनवर लावली तर कुठल्या तरी मशीनवर साठवून ठेवलेला जुना पासवर्ड दिवसभर खातं लॉक करत बसतो. दहावर ठेवा.

अजून ठरत नसेल तर

काही कामं तिन्ही वाटांना लागतात, तेव्हा ती आजच सुरू करायला हरकत नाही. यापुढे येणारं प्रत्येक मशीन प्रो आवृत्तीचं घ्या. मशिनांची नावं एका पद्धतीत आणा. रोजचं खातं साधं, अ‍ॅडमिनचं वेगळं. डेस्कटॉपवर विखुरलेल्या फाइली एका जागी, नॅसवर किंवा क्लाउडवर हलवा; फाइली प्रोफाइलमध्ये नसतील तर वरचा कोरा डेस्कटॉप कुणाला घाबरवत नाही. आणि कोणत्या सॉफ्टवेअरला कुठला शेअर, कुठलं खातं, कुठला पोर्ट लागतो याची एक यादी करा. ती करायला बसलात की अशी दोन-तीन खाती सापडतील, ज्यांचा पासवर्ड ऑफिसात कुणालाच आठवत नाही. आधी त्यांचा बंदोबस्त करा.